पान वाट पाहतं

रात्रीचे दीड वाजले होते आणि दूरवरचा एक सर्व्हर काही केल्या उठत नव्हता. माझ्यासमोर काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. नेट इतकं रखडत होतं की कळ दाबल्यावर अक्षर उमटायलाही क्षणभर थांबावं लागत होतं. एका सेटिंगचा नेमका अर्थ हवा होता आणि तो त्या सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे वेबवर होता. लॅपटॉपवरच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये ते पान उघडायला घेतलं, तर मधोमध एक वर्तुळ फिरत राहिलं, ते फिरतच राहिलं. मग आठवलं, सर्व्हरवर लिंक्स आहे, फक्त अक्षरं दाखवणारा ब्राउझर. त्याच्या नावाची चार अक्षरं टाइप केली, पुढे पत्ता दिला आणि एंटर दाबलं.

पान आलं. अख्खं आलं. वर उजव्या कोपऱ्यात बारीकसं लिहिलेलं होतं, तीन पानांपैकी पहिलं. तळाशी एक ओळ होती, पुढच्या पानासाठी स्पेस दाबा. तिरपी रेघ दाबून हवा तो शब्द शोधला, सापडला, चार ओळी वाचल्या, सेटिंग बदललं आणि सर्व्हर उठला.

गोष्ट इथेच संपायला हवी होती. गरज सरली होती. पण अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की मी अजून ते मॅन्युअल वाचतोय. ज्याच्याशी माझा काही संबंध नाही तो भाग, पुढचा भाग, त्याच्याही पुढचा. वेबवरचं एखादं पान पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मी शेवटचं कधी वाचलं होतं, ते मला आठवेना. त्या रात्रीनंतर हा ब्राउझर मी माझ्याही यंत्रावर घेतला आणि आज इतक्या वर्षांनी माझं बरंचसं वाचन त्यातच होतं. लोक विचारतात, कशासाठी? इतका चांगला पडदा असताना, इतका वेगवान प्रोसेसर असताना, हे काळ्यावर पांढरं कशासाठी? उत्तर एका वाक्यात देता येतं, पण ते वाक्य पटायला थोडी वाट चालावी लागते.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी आधी एवढं सांगतो. टेक्स्ट ब्राउझर फक्त अक्षरं दाखवतो. चित्रं नाहीत, व्हिडिओ नाही, पानासोबत आलेली जावास्क्रिप्ट, म्हणजे पानाला हलतं-बोलतं करणारा प्रोग्रॅम, तो चालवत नाही, फॉन्ट आणि रंग तुमच्या टर्मिनलचे, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या त्या काळ्या पडद्याचे. माउस लागत नाही. वर-खालच्या बाणांनी एका लिंकवरून दुसऱ्या लिंकवर जायचं, उजव्या बाणाने आत शिरायचं, डाव्या बाणाने मागे यायचं. शिकायला पाच मिनिटं लागतात आणि नंतर हातांना ते विसरता येत नाही. लिंक्स हे मांजराच्या कुळातल्या एका रानटी प्राण्याचंही नाव आहे. इंग्रजीत त्या प्राण्याचं नाव आणि पानांवरच्या दुव्यांचं नाव यांचं स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. देवनागरीत तर दोन्ही अगदी एकसारखी लिहावी लागतात.

हे सगळं जुन्या काळाचं उरलंसुरलं आहे असं अनेकांना वाटतं. इतिहास मात्र वेगळंच सांगतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला. तो चालायचा फक्त नेक्स्ट नावाच्या संगणकावर, आणि ते संगणक फारच थोड्या लोकांकडे होते. मग निकोला पेलो या गणिताच्या विद्यार्थिनीने तिथेच दुसरा ब्राउझर लिहिला, जो जवळपास कुठल्याही टर्मिनलवर चालेल असा. त्यात बाणसुद्धा नव्हते. प्रत्येक लिंकसमोर कंसात आकडा असायचा. तो आकडा टाइप करायचा आणि रिटर्न दाबायचं. म्हणजे वेब सर्नच्या बाहेर पडलं ते अक्षरांच्या अंगाने. सुरुवातीच्या काळात ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते असंच दिसलं. चित्रं मागाहून आली. १९९३ साली मोझेक हा ब्राउझर आला आणि मजकुराच्या ओळीतच चित्र दिसू लागलं.

लिंक्सचा जन्म १९९२ सालचा, कॅन्सस विद्यापीठातला. लू माँटुली, मायकेल ग्रोब आणि चार्ल्स रेझॅक या तिघांनी तो बांधला, तो आपल्या विद्यापीठाची माहिती आपल्याच लोकांपर्यंत पोचवावी म्हणून. वेबची पानं त्यात उघडू लागली ती पुढच्या वर्षी. आज ज्यांची देखभाल अजून चालू आहे अशा ब्राउझरांत हा सगळ्यात जुना. थॉमस डिकी गेली पंचवीसहून अधिक वर्षं त्याच्यावर काम करत आहेत. त्याच्या बरोबरीचे इतरही आहेत. अकिनोरी इतो यांनी १९९५ साली जपानमध्ये लिहिलेला डब्ल्यूथ्रीएम आहे, ज्यात तक्ते व्यवस्थित उभे राहतात, ई-लिंक्स आहे. पण माझा हात पहिल्यापासून लिंक्सवर बसला आहे.

या माँटुलींबद्दल आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. १९९४ साली ते नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत गेले आणि तिथे त्यांनी कुकी तयार केली, म्हणजे साइटने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी नोंद. तीच कुकी, जिच्यामुळे एखादी साइट आपल्याला ओळखते, लक्षात ठेवते, आणि जिच्या आधारे पुढे माणसांच्या मागावर राहण्याचा एवढा मोठा धंदा उभा राहिला. त्यांचा हेतू तो नव्हता. परत आलेल्या माणसाला साइटने ओळखावं एवढाच होता. आज लिंक्समध्ये एखादी साइट कुकी ठेवू पाहते तेव्हा काय होतं, ते बघण्यासारखं आहे. पडद्याच्या तळाशी एक ओळ येते. त्यात साइटचं नाव, कुकीचं नाव, तिच्यात काय भरलंय त्याची सुरुवात, आणि मग प्रश्न: येऊ देऊ का? होय, नाही, नेहमी, कधीच नाही. एक अक्षर दाबायचं. भलंमोठं संमतिपत्र नाही, त्यात नकाराचं बटण शोधत बसणं नाही. काही पानांवर हा प्रश्न एकामागोमाग सात-आठ वेळा येतो. पहिल्यांदा मला वैताग आला होता. मग कळलं की दुसऱ्या ब्राउझरमध्येही हेच सात-आठ जण घरात शिरत होते, फक्त दार वाजवत नव्हते.

आणि इथे माझं ते एक वाक्य येतं. या ब्राउझरमध्ये मी कळ दाबल्याशिवाय काहीही घडत नाही.

ऐकायला किती साधं आहे! पण नेहमीच्या ब्राउझरमध्ये एखादा लेख वाचताना काय काय घडतं ते एकदा मोजून बघा. तुम्ही तिसऱ्या ओळीवर असता, वर कुठेतरी एक जाहिरात येऊन बसते आणि तुमची तिसरी ओळ खाली घसरते. ती शोधून पुन्हा वाचायला लागावं, तर कोपऱ्यातून एक चौकोन उगवतो, नोंदणी करा म्हणतो. त्याची फुली कुठे आहे ते शोधेपर्यंत कुठलासा व्हिडिओ आपण होऊन बोलायला लागतो. लेख संपत आला असं वाटतं तोवर त्याच्या पोटातून दुसरा लेख सुरू झालेला असतो. यातलं काहीही मी मागितलेलं नसतं. वाचताना मनाचा एक कोपरा सतत सावध असतो, आता काय उसळेल म्हणून. त्या सावधपणाचा शीण येतो, आणि आपल्याला वाटतं की वाचनाचाच शीण आला.

लिंक्समध्ये पान वाट पाहतं. मी उठून गेलो, दोन तासांनी परत आलो, तरी ती ओळ तिथेच असते. माझ्या टर्मिनलची मांडणी मी मुद्दाम जुन्या मापाची ठेवली आहे, ८० अक्षरांची ओळ आणि २४ ओळी. हे माप १९७८ सालच्या व्हीटी-१०० या टर्मिनलचं. त्यातले ते ८० त्याच्याही मागे, जुन्या संगणकांना माहिती पुरवणाऱ्या छिद्रांच्या कार्डांपर्यंत जातात. एका वेळी फार तर १९२० अक्षरं. स्पेस दाबली की पडदा पुसला जातो आणि पुढचा भाग समोर येतो. सरकत नाही, उलटतो. या दोहोंत फरक आहे. सरकणाऱ्या मजकुरात वाक्याला ठिकाण नसतं. उलटणाऱ्या पानात ते असतं. मला अमुक मुद्दा वरून सातव्या ओळीत होता, असं आठवतं. आणि शेवट येतो. तळाची ती 'पुढच्या पानासाठी' म्हणणारी सूचना नाहीशी होते आणि खाली रिकामी जागा उरते. वेबवरच्या लेखाला शेवट असतो ही गोष्टच मी विसरून गेलो होतो.

वजनाचंही सांगतो, पण थोडक्यात. एचटीटीपी आर्काइव्ह हा उपक्रम वेबवरची लाखो पानं नियमित मोजतो, आणि त्याच्या हिशेबात मधल्या मापाचं पान केव्हाच दोन एमबीच्या वर गेलं आहे. आता मराठीतला २००० शब्दांचा लेख घ्या. आपलं एकेक अक्षरचिन्ह युनिकोडच्या सर्वांत रूढ साठवणीत तीन बाइट घेतं, इंग्रजीच्या तिप्पट. तरीही सगळा लेख चाळीस केबीच्या आत बसतो. म्हणजे एका पानाच्या वजनात असे पन्नासेक लेख मावले असते. चांगलं नेट असणाऱ्याला याचं काही वाटत नाही. २०१७ साली इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडावर येत होतं तेव्हा मात्र एनपीआर आणि सीएनएन या अमेरिकी वृत्तमाध्यमांची नुसत्या मजकुराची पानं लोकांच्या कामी आली. टॉवर कोलमडलेले, फोनची बॅटरी संपत आलेली, अशा वेळी माणसाला बातमी हवी असते, तिची सजावट नको असते.

देवनागरीपाशी मात्र गाडी अडते, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. टर्मिनल म्हणजे चौकटींची जाळी. एका चौकटीत एक अक्षर, अशा कल्पनेवर ती बांधलेली. आपली लिपी या कल्पनेत बसत नाही. 'कि' लिहिताना साठवलं जातं आधी 'क' आणि मग वेलांटी, दिसायला हवी वेलांटी आधी. 'क्ष' हे आपल्याला एक अक्षर, पण साठवणीत ती तीन चिन्हं: क, हलन्ताचा पाय आणि ष. बऱ्याच टर्मिनलना यांना किती चौकटी द्यायच्या हेच ठरवता येत नाही. मग ओळीचं शेपूट भलतीकडे जातं, कर्सर एका शब्दावर दिसतो आणि असतो दुसऱ्याच शब्दावर. हल्लीची काही टर्मिनल हे बरंच सांभाळतात, पण सांभाळून घेतल्यासारखंच. जोडाक्षरं तुटलेली बघून वाचताना मला शारीरिक त्रास होतो.

त्यावर मी एक वाट काढली आहे. लिंक्सला सांगता येतं की पान पडद्यावर दाखवू नकोस, नुसता मजकूर ओतून दे. तो ओतलेला मजकूर मी फाइलमध्ये घेतो आणि चांगला देवनागरी फॉन्ट असलेल्या एडिटरमध्ये उघडतो. यात एक फार सुंदर गोष्ट होते. लेखातल्या प्रत्येक लिंकच्या जागी कंसात आकडा येतो आणि सगळे पत्ते शेवटी क्रमाने लागतात, पुस्तकातल्या टिपांसारखे. वाचताना वाट फुटत नाही. वाचून झाल्यावर वाटलं तर खाली जाऊन बघायचं, लेखकाने कुठे कुठे बोट दाखवलं आहे. निकोला पेलोच्या त्या ब्राउझरमधले तेच आकडे, तीसहून अधिक वर्षांनी. मराठीतले मोठे लेख मी आता असेच वाचतो.

बाकी जे होत नाही ते होत नाही. बँकेचं काम, नकाशे, तिकिटं, व्हिडिओ यांसाठी दुसरा ब्राउझर उघडतो आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. नकाशा म्हणजे चित्रच. तक्रार आहे ती नुसत्या अक्षरांची. लेखच आहे, दहा परिच्छेदांचा, बाकी काही नाही, आणि लिंक्समध्ये उघडला तर एकच ओळ दिसते, कृपया जावास्क्रिप्ट चालू करा. अक्षर दाखवायला अक्षर पुरेसं असताना ही अट कशाला? अलीकडे शोधयंत्रांच्या बाबतीतही हेच व्हायला लागलं आहे. डकडकगो या शोधयंत्राची साधी आवृत्ती अजून नीट चालते, तिचे मी मनापासून आभार मानतो. काही जण या सगळ्याला कंटाळून वेगळी वाट धरतात. २०१९ मध्ये जेमिनी नावाचा एक नवा, मुद्दाम साधा ठेवलेला प्रोटोकॉल, म्हणजे पानं देण्याघेण्याची वेबहून वेगळी पद्धत, सुरू झाला. त्यात जावास्क्रिप्टला जागाच नाही आणि चित्र आपण होऊन पानात शिरत नाही. तिथली माणसं मला आपली वाटतात. पण मी तिकडे राहायला गेलो नाही. मला वेगळं गाव नको आहे. आहे त्याच गावातल्या रस्त्यांवरून सगळ्यांना चालता यायला हवं, असं मला वाटतं.

'सगळ्यांना' हा शब्द मी इतक्या ठामपणे लिहितो, त्याला कारण माझा एक मित्र आहे. तो लहानपणापासून पाहू शकत नाही. तो प्रोग्रॅम लिहितो आणि दिवसाचा बराच वेळ टर्मिनलमध्ये असतो. त्याच्या कीबोर्डपुढे ब्रेलची एक पट्टी असते, ४० घरांची. प्रत्येक घरात आठ टाचण्या, त्या वर-खाली होतात आणि त्यांवर बोटं फिरवून तो पडद्यावरची ओळ वाचतो. ४० घरं म्हणजे ८० अक्षरांची अर्धी ओळ. लिंक्समध्ये अशा वाचकांसाठी एक सोय फार पूर्वीपासून आहे. निवडलेल्या लिंकच्या सुरुवातीलाच कर्सर उभा करता येतो. ब्रेलची पट्टी कर्सरच्या मागे जाते, त्यामुळे बोटांखाली नेमकी तीच लिंक येते. नेहमीच्या ब्राउझरमध्ये तो पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही वापरतो, बँकेसाठी वापरावंच लागतं. पण वाचायला त्याला लिंक्स आवडतो.

एकदा मी त्याच्याशेजारी बसलो होतो. म्हणाला, "डोळे मीट आणि बोट इकडे दे." माझं बोट त्याने पट्टीवर ठेवलं आणि बाण दाबला. टाचण्या खाली गेल्या, दुसऱ्या वर आल्या, वाळलेल्या पानांवरून वारा जावा तसा बारीक आवाज झाला. मला एक अक्षर कळलं नाही. तो म्हणाला, "हे वाचायला तुला वर्ष लागेल. पण हे बघ, हे मलाही वाचता येत नाही." ओळ होती चौकोनी कंसातली, एका चित्राच्या फाइलचं नाव, त्यात 'फायनल' आणि शेवटी दोनचा आकडा. एका कार्यालयाचा अर्ज होता तो. पाऊण तास खपून त्याने सगळे रकाने भरले होते आणि शेवटी हे. मी माझ्या लॅपटॉपवर तेच पान उघडलं. तिथे हिरवंगार ठसठशीत चित्र होतं, 'पुढे जा'.

चित्राला शब्दांत पर्यायी मजकूर देण्याची सोय एचटीएमएलच्या, म्हणजे वेबची पानं ज्या भाषेत लिहितात तिच्या, १९९५ सालच्या प्रमाणातही आहे. १९९९ साली वेब सर्वांना वापरता यावं म्हणून पहिली मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यांतला अगदी पहिला मुद्दा हाच. दोन शब्द लिहायचे होते. ज्याने ते पान बांधलं, त्याने एकदा ते लिंक्समध्ये उघडून पाहिलं असतं तर दहा सेकंदांत कळलं असतं. मी तसं बोललो. तो हसला आणि म्हणाला, "तुझं पान उघडू?"

मी तेव्हा नुकतंच माझ्या लेखांसाठी एक पान बांधलं होतं. दिसायला देखणं होतं. त्याने पत्ता टाइप केला. बोटं पट्टीवर फिरायला लागली आणि मी पडद्याकडे बघत राहिलो. विभागांची यादी. महिन्यांची यादी. विषयांची यादी, तीच यादी मोबाइलसाठी पुन्हा एकदा. स्पेस. अजून याद्या. स्पेस. दोन पूर्ण पडदे संपले तरी लेखाचं पहिलं वाक्य आलं नव्हतं. डोळ्यांनी बघणाऱ्याला त्या याद्या बाजूला दिसतात आणि नजर त्यांना ओलांडून जाते. बोटांना ओलांडता येत नाही, त्यांना प्रत्येक ओळ चालत जावी लागते. तो काही बोलला नाही. मीही नाही. माझे कान तापले होते.

त्या रात्री बसून मी ते पान उसवलं. याद्या सगळ्या तळाशी नेल्या, दुहेरी यादी काढून टाकली. मथळा, खाली लगेच लेख. चित्रं होती तिथे चित्रात काय आहे ते एकेका वाक्यात लिहिलं. तेवढं लिहिताना कळलं की त्यातली तीन चित्रं नसती तरी चाललं असतं, ती काढली. प्रत्येक बदलानंतर पान लिंक्समध्ये उघडत होतो आणि पुन्हा पुन्हा बघत होतो, स्पेस न दाबता पहिलं वाक्य दिसतंय का. पहाटे दिसलं.

आठवड्याने तो पुन्हा भेटला. मी काही सांगितलं नव्हतं. त्याने आपण होऊन पत्ता टाइप केला, बोटं पट्टीवर ठेवली. मथळा. मग थेट पहिली ओळ. बोटं एकदा क्षणभर थांबली, मग सरळ पुढे गेली, ओळीमागून ओळ, न अडखळता. पडदा संपला तशी त्याने स्पेस दाबली.